सिनेमा स्थलांतरित घराचा, पण तो निंबर्ग्यात दिसणार कसा? ‘व्हर्च्युअल स्क्रीनिंग’चं गणित समजून घ्या

निंबर्गा (ता. आळंद, जि. कलबुर्गी) : एक भाऊ पुण्यात बांधकामावर, दुसरा मुंबईत वॉचमन, आई-वडील गावात, शेत बटईनं दिलेलं आणि सगळं घर एका ठिकाणी दिसतं ते फक्त सणाला. असं घर या भागात शोधावं लागत नाही, कुठल्याही गल्लीत दोन-चार सापडतात. अलीकडं त्यात एखादा पुतण्या नाहीतर भाची परदेशातही असते. अशा घरांची गोष्ट सांगणारे सिनेमे जगभर बनतात, त्यांना बक्षिसंही मिळतात. पण ते बघायचे कुठं? निंबर्ग्याहून आळंद, कलबुर्गी, नाहीतर सीमा ओलांडून अक्कलकोट-सोलापूर गाठलं तरी थिएटरात लागलेला असतो तो मोठ्या हिरोचा पिक्चर. कमी बजेटचा, गाणी नसलेला, ओळखीचा चेहरा नसलेला सिनेमा तिथवर सहसा पोचत नाही.

मग कुणीतरी सांगतं, “आता सगळं ऑनलाइन हाय की, घरात बसून बघायचं.” हे अर्धंच खरं आहे. घरबसल्या खेळ ज्याला म्हणतात त्या व्हर्च्युअल स्क्रीनिंगलाही वेळ असते, तिकीट असतं आणि सीमाही असते. सीमेवर राहणाऱ्यांना निदान ही शेवटची गोष्ट तरी नवी नाही.

‘मिनारी’चं उदाहरण

२०२० च्या जानेवारीत अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात ‘मिनारी’ नावाचा सिनेमा दाखवला गेला आणि तिथलं परीक्षकांचं मोठं बक्षीस अन् प्रेक्षकांचं बक्षीस, दोन्ही घेऊन गेला. दिग्दर्शक ली आयझॅक चुंग. त्यांचे आई-वडील कोरियातून अमेरिकेत गेलेले, ते स्वतः आर्कान्सा राज्यातल्या एका शेतावर वाढलेले. सिनेमा करणं थांबवून शिकवायची नोकरी धरायच्या बेतात असताना त्यांनी लहानपणच्या ८० आठवणी कागदावर उतरवल्या. त्यातून ही पटकथा झाली.

गोष्ट १९८० च्या दशकातली. नवरा-बायको आणि दोन मुलं कॅलिफोर्नियातून आर्कान्साच्या आडगावात येतात. दोघं हॅचरीत कोंबडीच्या पिल्लांतले नर-मादी वेगळे करायचं काम करतात. नवऱ्याच्या डोक्यात मात्र शेती आहे. अमेरिकेत येणाऱ्या कोरियन लोकांना गावाकडची भाजी लागणार, ती आपण पिकवून विकू, असा त्याचा हिशेब. बायकोला त्या हिशेबाची धास्ती, कारण धाकट्या मुलाच्या हृदयात दोष आहे आणि दवाखाना लांब. विहिरीचं पाणी, कर्ज, ऐन वेळी माल घ्यायला नकार देणारा व्यापारी, हे सगळं त्यात आहे. तुरीच्या पट्ट्यातल्या वाचकाला यातलं काही वेगळं समजावून सांगायची गरज पडू नये.

मुलं सांभाळायला कोरियाहून आजी येते. येताना तिखटाची पूड, वाळवलेली मासळी आणि मिनारी नावाच्या पालेभाजीचं बी आणते. आपल्याकडची आजी पुण्याला लेकाकडं निघताना पिशवीत शेंगाची चटणी, कडक भाकरी आणि वेळ अमावस्येनंतर उरलेले उंडे बांधून घेते, त्यातलाच प्रकार. नातवाला ही आजी सुरुवातीला आवडत नाही. ती खऱ्या आजीसारखी वागत नाही, ही त्याची तक्रार. आजीचं काम करणाऱ्या युन यो-जोंग यांना एप्रिल २०२१ मध्ये, ७३ व्या वर्षी, सहायक अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं. अभिनयाचं ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या कोरियन कलाकार.

आता सिनेमा लोकांनी बघितला कसा, ते पाहू. २०२० च्या मार्चपासून अमेरिकेत थिएटरं बंद पडली. १२ फेब्रुवारी २०२१ ला ‘मिनारी’ रिलीज झाला, तेव्हा उघड्या होत्या त्या थिएटरांत तो लागलाच, पण वितरक कंपनी ए-ट्वेंटीफोरनं स्वतःच्या वेबसाइटवर ‘स्क्रीनिंग रूम’ही उघडली. तिथं खेळाची वेळ निवडायची, तिकीट काढायचं, त्या वेळेला लॉगिन करायचं. तिकीट २० डॉलर, तेव्हाच्या दरानं साधारण साडेचौदाशे रुपये. ऐकायला जड वाटतं, पण ते माणशी नव्हतं. एका तिकिटावर घरातले पाच जण सोफ्यावर बसले तर डोक्याला चार डॉलर पडले.

ही स्क्रीनिंग रूम होती अमेरिकेतल्या प्रेक्षकांसाठी. आळंद तालुक्यातल्या कुणी साडेचौदाशे रुपये मोजायची तयारी दाखवली असती तरी इथून तो खेळ उघडणार नव्हता.

लिंक आणि खेळ यात फरक काय?

ओटीटी म्हणजे वर्गणी भरून कपाटाची किल्ली घेणं. महिनाभर हवं ते, हवं तेव्हा काढून बघा. व्हर्च्युअल स्क्रीनिंग हा तंबूतल्या सिनेमासारखा प्रकार. जत्रा आहे तोवर खेळ, जत्रा उठली की तंबू उठला. एका सिनेमाचं एक तिकीट, मेलवर येणारी लिंक, ठरलेली मुदत. कुठं खेळ ठरावीक वेळेलाच सुरू होतो. कुठं ‘प्ले’ दाबल्यापासून २४ किंवा ४८ तास मिळतात. मुदत संपली की लिंक मेली. मध्येच लाईट गेली, टॉवर गेला, तरी घड्याळ चालूच राहतं.

बऱ्याच ठिकाणी तिकिटांची संख्याही मर्यादित असते. लोक विचारतात, ऑनलाइन जागा कशी संपते? जागा संपत नाही, हक्क संपतात. महोत्सवाला निर्मात्यानं अमुक इतक्याच प्रेक्षकांसाठी परवानगी दिलेली असते. सगळ्यांनी आधीच फुकटात बघून टाकला तर पुढं तो सिनेमा विकत घेणार कोण?

पैशाचा हिशेब इथं समजून घेण्यासारखा आहे. मार्च २०२० मध्ये किनो लॉर्बर या अमेरिकन वितरकानं ब्राझीलच्या ‘बाकुराऊ’ या सिनेमापासून ‘किनो मार्की’ नावाची सोय सुरू केली. प्रेक्षक आपल्या गावच्या बंद थिएटरच्या नावानं ऑनलाइन तिकीट काढायचा आणि पैसा वितरक व थिएटर यांच्यात निम्मा-निम्मा वाटला जायचा. कुलूप लागलेल्या थिएटरला त्यातून चार पैसे मिळत राहिले. नेहमीच्या पद्धतीत छोट्या सिनेमाचा खर्च तिकीट विकायच्या आधीच सुरू होतो. डिजिटल प्रक्षेपणाची फी, पोस्टर, जाहिरात, सगळं पदरचं. आणि शुक्रवारी गर्दी दिसली नाही तर सोमवारी खेळ उतरतो.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर ‘ख्वाडा’ घ्या. मेंढरं घेऊन गावोगाव फिरणाऱ्या धनगर कुटुंबाचा हा मराठी सिनेमा भाऊराव कऱ्हाडे यांनी जमीन विकून काढला. ६२ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्याला परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला आणि २०१५ च्या ऑक्टोबरात तो थिएटरात आला. जमीन विकून सिनेमा काढायचा आणि त्याची किंमत एका शुक्रवारवर ठरायची. याला धंदा म्हणावा की जुगार, हे ज्यानं पावसाच्या भरवशावर पेरणी केली त्यालाच विचारावं.

मे २०२० : पडद्यावर आणि शाळेत

हिंदीत या विषयाच्या सगळ्यात जवळ जाणारा सिनेमा म्हणजे प्रतीक वत्स यांचा ‘ईब आले ऊ’. वत्स पुण्याच्या एफटीआयआयमधून शिकलेले. बिहारहून दिल्लीत आलेला अंजनी, त्याची गरोदर बहीण आणि मेहुणा, तिघं शहराच्या कडेला एका खोलीत राहतात. अंजनीला कंत्राटी काम मिळतं ते मोठ्या सरकारी इमारतींच्या परिसरात माकडं हाकलायचं. वानराचे आवाज तोंडानं काढून माकडं पळवायची, त्या आवाजांवरूनच सिनेमाचं नाव आलं. हसता हसता घशात काहीतरी अडकतं, असा हा सिनेमा. मेहुण्याची सिक्युरिटीची नोकरी आणि तिथं त्याच्या हातात आलेली बंदूक, एवढ्या धाग्यावरून गरीब घरात नोकरी किती धाक घेऊन येते ते कळतं.

२०१९ च्या मामि महोत्सवात या सिनेमाला ‘गोल्डन गेटवे’ पुरस्कार मिळाला. मग महासाथ आली आणि महोत्सवच बंद पडले. तेव्हा कान, व्हेनिस, बर्लिन, टोरांटो यांच्यासह २१ महोत्सवांनी एकत्र येऊन ‘वी आर वन’ नावाचा महोत्सव यूट्यूबवर भरवला. तारखा २९ मे ते ७ जून २०२०, प्रवेश फुकट. त्यात मामिच्या वतीनं ‘ईब आले ऊ’ दाखवला गेला. साधा मोबाईल आणि नेट असलेल्या माणसाला घरात बसून तो बघता येत होता. ना तिकीट, ना लॉगिन.

त्याच दिवसांत आपल्याकडं काय चाललं होतं ते वाचकांना आठवत असेल. कोरोनानं देशातला पहिला मृत्यू कलबुर्गीत झाला होता. मे महिन्यात मुंबई-पुण्याहून माणसं परत यायला लागली आणि त्यांना नवीन नाव पडलं, ‘महाराष्ट्र रिटर्न’. १८ मे रोजी कर्नाटक सरकारनं महाराष्ट्र, गुजरात, तामिळनाडू आणि केरळमधून येणाऱ्यांना महिनाअखेरपर्यंत प्रवेश बंद केला. जे आधी पोचले होते ते गावोगावच्या शाळांत, वसतिगृहांत क्वारंटाइन. आपल्याच गावच्या शाळेत, ज्या वर्गात पाढे म्हटले त्याच वर्गात सतरंजी टाकून माणूस चौदा दिवस मोजतोय आणि घरचे गेटच्या बाहेर डबा ठेवून जातायत.

दिल्लीत खोली करून राहणाऱ्या बिहारी घराचा सिनेमा त्याच आठवड्यात त्यांच्याही मोबाईलवर फुकट होता. पण तो आहे हे त्यांना सांगणार कोण? बातमी इंग्रजी पेपरांत होती, सिनेमाच्या वेबसाइटवर होती. मराठी किंवा कन्नड गावात ती पोचायला रस्ताच नव्हता. पुढं डिसेंबर २०२० मध्ये तो थिएटरात आला आणि २०२१ च्या फिल्मफेअरमध्ये समीक्षकांचा सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला. व्हर्च्युअल स्क्रीनिंगमुळं गावातला प्रेक्षक मिळतो असं म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग लक्षात ठेवावा. दार उघडं होतं, पण कुठल्या गल्लीत आहे तेच माहीत नव्हतं.

मराठी सिनेमा, पण घरबसल्या फक्त अमेरिकेत

सगळ्यात मजेशीर गोष्ट २०२५ ची. रोहन कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ हा सनडान्समध्ये गेलेला पहिला मराठी सिनेमा, आणि जागतिक कथाचित्रांच्या स्पर्धेतलं परीक्षकांचं मोठं बक्षीसही त्यालाच मिळालं. मुंबईत राहणारा आनंद वडिलांच्या दहा दिवसांच्या दुखवट्यासाठी गावी येतो. नातेवाईक लग्नावरून मागं लागलेले आणि त्याचं मन गुंतलेलं बालमित्रात. गाव सोडलेल्या घराचा गावाशी काय व्यवहार उरतो, हे त्यात बारकाईनं आलंय.

सनडान्सनं त्या वर्षी स्पर्धेतले सिनेमे महोत्सवाच्या शेवटच्या चार दिवसांत, ३० जानेवारी ते २ फेब्रुवारी, ऑनलाइन ठेवले होते. पण फक्त अमेरिकेत असलेल्यांसाठी. म्हणजे संवाद मराठी, गाव मराठी, दुखवट्याच्या रीती आपल्या, आणि घरात बसून बघायची सोय न्यू जर्सीच्या मराठी माणसाला. सोलापूर, बीदर, कलबुर्गीच्या माणसानं सप्टेंबर उजाडायची वाट बघायची, कारण भारतात तो १९ सप्टेंबरला थिएटरात आला.

यात कुणाचा दुजाभाव नसतो. सिनेमाचे हक्क देशवार विकले जातात. अमेरिकेचा एक खरेदीदार, भारताचा दुसरा. म्हणून वेबसाइट तुमच्या इंटरनेट जोडणीचा पत्ता बघते आणि देश ओळखून दार उघडते किंवा बंद ठेवते. सीमाभागातून नेहमी एक शंका येते, मोबाईलनं मध्येच महाराष्ट्राचं टॉवर धरलं तर? काही बिघडत नाही. हे कुलूप देशाचं असतं, राज्याचं नसतं. दुधनीत चालणारी लिंक निंबर्ग्यातही चालते. व्हीपीएन लावून अमेरिकेत असल्याचं भासवणारी पोरं गावात आहेत, पण ते बहुतेक तिकिटांच्या अटींत बसत नाही, आणि लिंक बंद झाली तर पैसे परत मागायला तोंड उरत नाही.

तिकीट काढायच्या आधी

आधी बघायचं ते सिनेमा कुठल्या देशात उपलब्ध आहे. ही ओळ बारीक अक्षरात असते आणि पैसे भरल्यावरच लोकांना दिसते. मग मुदत. मग वेळ कुठल्या घड्याळाची. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर शनिवारी संध्याकाळी सातचा खेळ म्हणजे आपल्याकडं रविवारची पहाट. हिवाळ्यात साडेपाच, उन्हाळ्यात साडेचार.

डेटाचं सांगायचं तर साध्या क्वालिटीत तासाला पाऊण ते एक जीबी जातो, एचडी केलं तर तीनपर्यंत. दिवसाला दीड जीबीचा पॅक असेल तर ‘ईब आले ऊ’सारखा ९८ मिनिटांचा सिनेमा साध्या क्वालिटीत कसाबसा बसतो. ‘मिनारी’ ११५ मिनिटांचा, तो शेवटच्या दहा मिनिटांत गोल गोल फिरत बसायची शक्यता जास्त. टीव्हीला जोडायचं असेल तर आदल्या दिवशी तपासून घ्यावं. चोरी टाळायला लावलेल्या कुलुपामुळं काही जुन्या टीव्हींवर आवाज येतो आणि चित्र काळं.

भाषेचा प्रश्न यापेक्षा मोठा आहे. ‘मिनारी’तले बहुतेक संवाद कोरियन आहेत. एवढे की, अमेरिकन कंपनीनं अमेरिकेत बनवलेला असूनही निम्म्याहून जास्त संवाद इंग्रजीत हवेत या नियमामुळं गोल्डन ग्लोबनं त्याला परभाषिक सिनेमाच्या रांगेत बसवलं. बक्षीसही त्याच रांगेत दिलं. त्यावर तिकडं बराच वाद झाला. इकडची अडचण वेगळी. खाली येणारी ओळ इंग्रजीत, आणि अशा खेळांना मराठी किंवा कन्नड सबटायटल मिळणं दुर्मिळ. घरी कन्नड, बाजारात मराठी, शेजारी दखनी बोलणाऱ्या आजीला त्या ओळीचा काय उपयोग? यावर जुनाच उपाय आहे. मूकपटाच्या काळात पडद्यावरच्या पाट्या वाचता न येणाऱ्यांसाठी कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवायचं. कॉलेजात जाणाऱ्या नातीनं तेच करावं. सिनेमा थोडा सुटतो, पण आजी सुटत नाही.

आणि पारावर प्रोजेक्टर लावून सगळ्या गावाला दाखवायचा असेल तर? घरगुती तिकिटावर ते चालत नाही. कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे सार्वजनिक प्रदर्शनाला हक्कदाराची वेगळी परवानगी लागते, खेळ फुकट ठेवला तरीही. फिल्म सोसायट्या हेच करत आल्या. १९५९ मध्ये सत्यजित राय यांच्या अध्यक्षतेखाली त्यांचा देशपातळीवरचा महासंघ उभा राहिला, त्यामागं परवानगी आणि प्रती एकत्र मिळवायची सोय हेही कारण होतं. मोठ्या स्टुडिओकडून गावाला उत्तर येणं अवघड. पण जमीन विकून सिनेमा काढणाऱ्याला, एखाद्या ग्रामपंचायतीच्या वाचनालयानं पत्र लिहून रीतसर खेळ मागितला, तर ते पत्र नकोसं वाटायचं कारण नाही. विचारून बघायला खर्च येत नाही.

टेलिग्रामवर फिरणारी कॉपी हा सोपा रस्ता सगळ्यांना ठाऊक आहे. सिनेमॅटोग्राफ कायद्यात २०२३ मध्ये दुरुस्ती झाली. सिनेमा चोरून रेकॉर्ड करणाऱ्या आणि पसरवणाऱ्याला आता तीन महिने ते तीन वर्षं कैद आणि किमान तीन लाख रुपये दंड आहे. कायदा बाजूला ठेवला तरी हिशेब उरतोच. शंभर कोटींच्या पिक्चरला शंभर चोरट्या कॉप्यांनी फरक पडत नसेल, पण अशा सिनेमाला शंभर तिकिटं म्हणजे मोठी गोष्ट.

आता एक घर डोळ्यांसमोर आणा. आजी निंबर्ग्यात, मुलगा-सून पुण्यात, नात न्यू जर्सीत. तिघांना एकच सिनेमा एकाच वेळी बघायचाय. अमेरिकेपुरता खेळ असेल तर नातीनंच बघावा. व्हिडिओ कॉलवर स्क्रीन दाखवायला गेलं की समोर बहुधा काळा चौकोन येतो, आणि ते अटीतही बसत नाही. दोन्ही देशांत खुला असेल तर तिन्ही घरांनी आपापलं तिकीट काढायचं, एक-दोन-तीन म्हणून एकदम ‘प्ले’ दाबायचं आणि दुसऱ्या फोनवर साधा कॉल चालू ठेवायचा. नातीकडं शनिवारची संध्याकाळ असेल, पुण्यात सगळे झोपेत. आजी मात्र पहाटे साडेपाचला उठलेलीच असते. चहाचं आधण ठेवून, फोन पितळी तांब्याला टेकवून ती तयार.